पिचरचा हात: दुखापत कुठून येते आणि ताकद कुठे कमवायची

मार्च संपत आला की आमच्या क्लिनिकमध्ये कोपरं यायला लागतात. न्यू जर्सीत हिवाळाभर मैदानं बंद असतात. बर्फ वितळतो, बेसबॉलचे सामने सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांत पहिला मुलगा आईबरोबर दारात उभा राहतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच मुलांची मी मावशी, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या आधी फोनच येतो, "ताई, जरा बघता का याचा हात?"

गेल्या वर्षी आलेला मुलगा तेरा वर्षांचा होता. टेबलावर बसला तेव्हा त्याने उजवं कोपर डाव्या तळव्यात धरलं होतं, आपण गरम वाटी धरतो तसं. मी विचारलं, "दुखतं का रे?"

"नाही, मावशी."

"मग काय होतं?"

"जड होतो. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलताना कळतं."

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो. त्यावर मी अंगठा ठेवून हलकेच दाबलं. चेहरा तसाच राहिला. पायाची बोटं मात्र आखडली. मुलं तोंडाने खोटं बोलतात असं नाही. त्यांना पुढच्या शनिवारी खेळायचं असतं, आणि "दुखतं" म्हटलं की खेळ थांबणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून मी "दुखतं का" हा प्रश्न आता विचारते, पण त्याच्या उत्तरावर फार विसंबत नाही. "हात जड होतो का, लवकर दमतो का, चेंडू हवा तिथे जाईनासा झालाय का" हे विचारते.

त्याचे बाबा मागे उभे होते. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही सांगलीत सकाळपासून अंधार पडेपर्यंत बॉलिंग टाकायचो, कुणाचं कोपर कधी गेलं नाही. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि तो रास्त आहे. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. म्हणजे बेसबॉल हलकाच. मग त्यात असं काय आहे?

फरक फेकण्याच्या पद्धतीत आहे. बॉलिंग करताना नियमानेच कोपर जवळजवळ तसंच ठेवावं लागतं, हात खांद्यातून चाकासारखा फिरतो, आणि वेगाचा मोठा वाटा धावण्यातून येतो. म्हणून वेगवान गोलंदाजाची कंबर आणि पाठ जाते. बेसबॉलचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, धावत येत नाही. तो उभ्या जागेवरून एक लांब पाऊल टाकतो आणि वाकवलेलं कोपर चाबकासारखं सोडतो. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे जीव खाऊन केलेला थ्रो आठवा. तो एका डावात चार-पाच वेळा करावा लागतो. पिचर तसा थ्रो तास-दीड तासात ऐंशी वेळा करतो, आणि दर वेळी कालच्यापेक्षा जोरात करायचा प्रयत्न करतो. गल्लीतला टेनिसचा चेंडू तर अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपासचा. त्याची आणि याची तुलनाच नको.

आता त्या एका फेकीत हातात काय घडतं ते सावकाश बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पिचर पुढचा पाय जमिनीवर टेकवतो. तिथून चेंडू सुटेपर्यंत साधारण सेकंदाचा सातवा भाग लागतो. एवढ्या वेळात आधी कंबर फिरते, मग छाती फिरते, आणि हात मागे राहतो. इतका मागे, की तळवा आकाशाकडे आणि पंजा पाठीमागे झुकलेला असतो. धड पुढे गेलंय, हात अजून मागेच आहे, अशा त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडायला बघते, जणू पुस्तक चुकीच्या दिशेने उघडतंय. मग दंडाचं हाड खांद्यात आतल्या बाजूला फिरतं, आणि तो वेग सेकंदाला ७००० अंशांच्या घरात जातो. माणसाच्या शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींत ही सर्वांत वेगवानांपैकी एक आहे.

कोपर उघडू नये म्हणून आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं. हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी. जेमतेम इंचभर लांब आणि बोटाच्या नखापेक्षाही अरुंद. अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये नव्वदच्या दशकात तयार, मोठ्या पिचर्सच्या फेकी मोजल्या गेल्या. कोपरावर येणारा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरला. सोप्या भाषेत सांगायचं तर कोपराला एक मीटरची काठी आडवी बांधायची आणि तिच्या टोकाला साडेसहा किलो तांदळाची पिशवी लटकवायची. मृतदेहांवरच्या चाचण्यांत मात्र हे लिगामेंट एकटं असताना याच्या साधारण निम्म्यावर तुटलं.

म्हणजे हिशेबाने पाहिलं तर प्रत्येक जोरदार फेकीला ते तुटायला हवं. तुटत नाही, कारण ते एकटं नसतं. मनगट वाकवणारे आणि तळवा खाली वळवणारे स्नायू कोपराच्या त्याच उंचवट्यावरून निघतात आणि लिगामेंटच्या वरून जातात. ते आवळले की ओढ वाटून घेतात. उरलेला भार हाडांचा सांधा पेलतो. स्नायू ताजे असतील तोवर ही वाटणी होते. दमले, की आवळायला क्षणभर उशीर होतो, आणि त्यांच्या वाट्याचं ओझं त्या अरुंद पट्टीवर जातं. पालकांना मी हेच समजावत असते: लिगामेंटला थकवा कळत नाही, ते तक्रारही करत नाही. थकतो तो स्नायू, आणि किंमत मोजतं लिगामेंट.

तेरा वर्षांच्या मुलात आणखी एक कमकुवत जागा असते. कोपराच्या त्या उंचवट्याखाली हाड वाढवणारी कूर्चेची पट्टी असते. ती साधारण पंधरा ते सतराव्या वर्षापर्यंत पक्क्या हाडात बदलते. तोवर ती लिगामेंटपेक्षाही मऊ असते. म्हणून लहान मुलांत लिगामेंट क्वचित तुटतं, ही पट्टी मात्र ओढली जाऊन सुजते, रुंदावते, आणि कधी हाडाचा तुकडाच सुटून येतो. अमेरिकेत याला लिटल लीग एल्बो म्हणतात. आमच्या या मुलाच्या दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले, तेव्हा उजवीकडची फट डावीपेक्षा रुंद दिसत होती. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. त्याची आई बराच वेळ त्या दोन चित्रांकडे बघत राहिली.

टॉमी जॉन हे नाव कशामुळे ऐकू येतं

बेसबॉलच्या मैदानावर पालकांत बसलात तर "टॉमी जॉन" हे शब्द दहा मिनिटांत कानावर पडतात. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. जुलै १९७४ मध्ये सामना चालू असताना त्याचं हे लिगामेंट गेलं. तोवर अशा पिचरची कारकीर्द तिथेच संपायची. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढली आणि कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवून नवं लिगामेंट तयार केलं. परत खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला, आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

ती कंडरा तुम्हालाही बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध जी दोरी वर उठते, ती. काही जणांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काहीही अडत नाही. म्हणूनच डॉक्टर ती निर्धास्त काढून घेतात.

गोष्ट सुखान्त आहे, आणि तिथेच गोंधळ झाला. शस्त्रक्रिया केली की हात आधीपेक्षा जोरात फेकतो, अशी समजूत पसरली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हायस्कूलमधल्या जवळपास निम्म्या खेळाडूंना वाटत होतं, की काही दुखत नसतानाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, खेळ सुधारतो. मला ते वाचून झोप लागली नव्हती. नवं लिगामेंट वेग देत नाही. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने मुलगा पाय, कंबर, पाठ, खांदा यांचे व्यायाम शिस्तीत करतो, जे त्याने आधी कधीच केलेले नसतात. वेग वाढलाच तर त्यातून वाढतो. मग ते व्यायाम कोपर शाबूत असतानाच का करू नयेत?

ताकद कुठे हवी

एक प्रयोग करा. घरातला मऊ चेंडू घ्या, खुर्चीत पाठ टेकून बसा आणि भिंतीवर फेका. मग उभे राहून, एक पाऊल टाकून फेका. हात तोच, खांदा तोच. फरक पडला तो पायांमुळे आणि धडामुळे. टेनिसच्या सर्व्हिसचा असा हिशेब मांडला गेला आहे आणि त्यात निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा पाय आणि धडातून येते असं दिसलं. पिचिंगही त्याच घराण्यातलं. खालून आलेला जोर वाटेत कुठे गळला, तर तो भरून काढायचं काम खांदा आणि कोपर करतात, आणि ती त्यांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे.

म्हणून हात वाचवायचा तर व्यायामाची सुरुवात पायांपासून. बैठका, एक पाय पुढे टाकून खाली जाण्याचे लंज, एक पाय मागे बाकावर ठेवून केलेल्या बैठका, जमिनीवरून वजन उचलण्याचा डेडलिफ्ट. त्यातही एका पायावरचे व्यायाम जास्त महत्त्वाचे, कारण पिचर खरं तर एका पायावरून दुसऱ्या पायावर झेपावत असतो. मी नव्या मुलाला पहिल्याच दिवशी पुढच्या पायावर उभं राहून अर्धी बैठक मारायला सांगते. गुडघा आत झुकला, कंबर एका बाजूला पडली, की मला कळतं त्याचा जोर कुठे गळतोय ते. या मुलाचा गुडघा तिसऱ्याच बैठकीला आत गेला. कोपर दाखवायला आला होता, आणि पहिले दोन आठवडे मी त्याचे पायच घडवत होते. त्याच्या बाबांना ते विचित्र वाटलं. वाटणारच.

दुसरा टप्पा धड. इथे पोट दिसायला सपाट करणाऱ्या सिट-अप्सचा फारसा उपयोग नाही. कंबर फिरली तरी छाती क्षणभर मागे राहू शकली पाहिजे, आणि मग तो पीळ एकदम सुटला पाहिजे. कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरायचा प्लँक, एका कुशीवरचा प्लँक, आणि दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल कंबरेतून वळून भिंतीवर आपटणं. हा शेवटचा प्रकार मुलांना सर्वांत आवडतो. आवाज मोठा होतो ना!

तिसरा टप्पा खांद्यामागचं चपटं, त्रिकोणी हाड. खांद्याचा सांधा या हाडावर बसलेला असतो. डुगडुगत्या स्टुलावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढायचा म्हटलं तर हात थरथरतातच. ते हाड बरगड्यांवर घट्ट बसवून योग्य वेळी फिरवणारे स्नायू सशक्त हवेत. त्यासाठी वल्हं ओढल्यासारखे रोइंगचे प्रकार, पालथं झोपून हात वर आणि आडवे उचलणं, आणि पुश-अप्स. पुश-अपमध्ये वर आल्यावर आणखी एक सूत पुढे रेटायचं, पाठ किंचित गोल होईपर्यंत. आपल्या जोरांमध्ये हे आपसूक होतं. तालमीत जोर-बैठका घालणाऱ्या आजोबांची नातवंडं इथे माझ्याकडे तोच व्यायाम इंग्रजी नावाने शिकतात. मुद्गल तर इथल्या जिममध्ये 'इंडियन क्लब्ज' म्हणून मिळतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेने ते आपल्याकडून नेले आणि तिथून ते युरोप-अमेरिकेत पसरले. खांदा मोकळा करायला अर्ध्या किलोचे हलके मुद्गल छान. पंधरा किलोचा घुमवणं हे पैलवानाचं काम, पिचरचं नाही.

आणि मग ब्रेक. याबद्दल कुणीच बोलत नाही. चेंडू सुटल्यावर हात अजून त्याच वेगाने पुढे निघालेला असतो आणि त्याला थांबवावं लागतं. त्या क्षणी दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढलं जातं, जवळजवळ पिचरच्या स्वतःच्या वजनाइतक्या जोराने. त्याला धरून ठेवतात खांद्याच्या मागच्या बाजूचे छोटे स्नायू. मुलं छाती आणि दंड फुगवण्याच्या नादात असतात, म्हणजे गाडीचं इंजिन मोठं आणि ब्रेक सायकलचे. या छोट्या स्नायूंना मोठं वजन लागतही नाही. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा, कोपर कुशीला टेकवा, मध्ये एक गुंडाळलेला टॉवेल धरा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. सावकाश परत आणा. परत आणतानाचा वेळ जास्त महत्त्वाचा, कारण ब्रेक त्याच दिशेने लागतो. डंबेल घेतलं तर एक-दोन किलो पुरे. अमेरिकेत हे सगळे व्यायाम एकत्र करून 'थ्रोअर्स टेन' नावाची मालिका बनवलेली आहे. कुठल्याही फिजिओला विचारा, कागदच हातात देईल.

मनगट आणि बोटांची पकड शेवटी. मघाशी सांगितलेले, लिगामेंटचं ओझं वाटून घेणारे स्नायू तेच. हातोडी दांड्याच्या टोकाशी धरून मनगट या बाजूला आणि त्या बाजूला वळवणं, कोरड्या तांदळाच्या डब्यात मूठ घालून बोटं उघडणं-मिटणं. आमच्या या मुलाच्या आजीने तांदळाचा वेगळा डबाच करून दिला.

पालकांची एक भीती इथे दूर केली पाहिजे. वजनं उचलली की मुलाची उंची खुंटते, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा व्यायामाच्या बाजूने आहे. अट एवढीच, की आधी पद्धत आणि मग वजन. आठ-दहा वेळा सहज, न डुलता उचलता येईल तेवढंच. हंगाम नसताना आठवड्यातून तीन दिवस, हंगामात दोन. पिचिंगच्या आदल्या दिवशी जड काही नको. खेळाआधी धावून, उड्या मारून, पट्ट्याचे व्यायाम करून अंगाला घाम येऊ द्यायचा आणि मग चेंडू हातात घ्यायचा. फेकून फेकून गरम व्हायचं नाही.

जे ताकदीने होत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल, की एवढं सगळं केलं की मुलाने हवं तेवढं फेकावं. नाही. ताकदीमुळे थकवा उशिरा येतो. आल्यावर मात्र सगळ्यात ताकदवान हातही तसाच उघडा पडतो.

२००६ मध्ये त्याच बर्मिंगहॅमच्या संस्थेतून एक अभ्यास आला. हायस्कूल वयात कोपर किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेले पिचर्स एका बाजूला आणि धडधाकट पिचर्स दुसऱ्या बाजूला ठेवून फरक कशात आहे ते पाहिलं. सामन्यात ऐंशीहून अधिक फेकी टाकणाऱ्यांमध्ये धोका चौपट होता. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये पाचपट. आणि हात दमलेला असताना नेहमी फेकत राहणाऱ्यांमध्ये ३६ पट. चौपट, पाचपट आणि मग एकदम छत्तीस! लोक कर्व्हबॉलला, म्हणजे हवेत वळणाऱ्या चेंडूला, दोष देत बसतात. प्रत्यक्षात मुलांमध्ये कोपरावरचा पीळ कर्व्हबॉलपेक्षा जोरदार फास्टबॉलमध्येच जास्त भरतो.

म्हणून २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी 'पिच स्मार्ट' नावाने मार्गदर्शक आकडे जाहीर केले. एका दिवसात ९-१० वर्षांच्या मुलाने ७५, ११-१२ च्या मुलाने ८५, १३ ते १६ पर्यंत ९५ फेकी, ही कमाल मर्यादा. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकल्या तर पुढचे चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग, आणि त्या काळात डोक्यावरून फेकायचं काहीच नाही. पिचिंग केलेल्या सामन्यात नंतर कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) म्हणून उभं राहायचं नाही, कारण कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकत असतो.

जपानमध्ये हायस्कूल बेसबॉलला सणाचं रूप आहे. १९९८ च्या कोशिएन स्पर्धेत दाइसुके मात्सुझाकाने सतरा डावांपर्यंत लांबलेल्या (एरवी नऊ डाव असतात) एका सामन्यात २५० फेकी टाकल्या आणि तो देशाचा लाडका झाला. २०११ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. त्या एका दिवसामुळे कोपर गेलं असं म्हणणं चूक ठरेल, मध्ये तेरा वर्षं आहेत. पण ज्या देशाने अशा दिवसांचे गोडवे गायले, त्याच देशाने २०२० पासून हायस्कूल स्पर्धांत आठवड्याला ५०० फेकींची मर्यादा घातली. माझ्या मते तीही फार आहे.

आकडे आहेत, मग मुलं का येतात? कारण बेरीज कुणी करत नाही. आमच्या मुलाचा एक आठवडा मी कागदावर मांडला. शनिवारी एका संघासाठी सत्तर फेकी. त्याआधी मैदानाबाहेर सरावाच्या तीस. प्रत्येक डावाआधीच्या पाच-सहा. रविवारी दुसऱ्या संघासाठी पूर्ण सामना कॅचर. बुधवारी खासगी कोचकडे पन्नास. तिन्ही कोच भली माणसं आहेत आणि तिघांनीही आपापले आकडे नीट पाळले होते. फ्लोरिडात हायस्कूल पिचर्सच्या सामन्याच्या दिवसातली प्रत्येक फेक मोजली, तेव्हा सुमारे ४२ टक्के फेकी अधिकृत मोजणीत येतच नव्हत्या. लिगामेंट मात्र सगळ्या मोजतं.

यावर त्याच्या आईने काढलेला उपाय मी आता सगळ्यांना सांगते. त्यांच्या स्वयंपाकघरात भारतातून आणलेलं कालनिर्णय आहे. पूर्वी त्यावर आपण दुधाचा हिशेब लिहायचो. ती आता रोजच्या चौकटीत फेकींचा आकडा लिहिते, सराव धरून, आणि विश्रांतीच्या दिवसांवर आडवी रेघ मारते. कोचचा मेसेज आला की आधी कॅलेंडर बघते. एका रविवारी तिने सामन्याला नकार दिला. कोचने तक्रार केली नाही. त्यांना माहीतच नव्हतं, की शनिवारी दुसरीकडे काय झालंय.

वजनदार चेंडूंबद्दल दोन शब्द. वेग वाढवायला जड-हलके चेंडू फेकण्याचे कार्यक्रम सध्या जोरात आहेत, आणि वेग वाढतो हे खोटं नाही. २०१८ मध्ये १३ ते १८ वयाच्या मुलांवर सहा आठवड्यांचा असा प्रयोग झाला, त्यात सुमारे ५७ ग्रॅमपासून ९०० ग्रॅमपर्यंतचे चेंडू होते. वेग ३.३ टक्क्यांनी वाढला. त्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली, साधा सराव करणाऱ्या गटात एकालाही नाही. वाढत्या वयाच्या मुलाला मी हे चेंडू देणार नाही. चेंडूचा वेग मोजणाऱ्या रडार गनवर ताशी एक-दोन मैल जास्त दिसावेत म्हणून तर अजिबात नाही.

दुखणं दाबायची गोळी देऊन मुलाला मैदानावर पाठवू नका. कोपर पूर्ण सरळ होत नसेल, आतल्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल, करंगळीत मुंग्या येत असतील किंवा फेकताना "टक" असा आवाज येऊन हात सैल पडला असेल, तर त्याच दिवशी फेकणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. भाला फेकणाऱ्या, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आणि सीमारेषेवरून सतत थ्रो करणाऱ्या मुलांच्या आईबाबांनीही हे लक्षात ठेवावं. सॉफ्टबॉलचा पिचर खालून फेकतो, पण मैदानावरच्या बाकीच्या मुली-मुलांचे थ्रो डोक्यावरूनच असतात. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती, हेही पुष्कळांना आठवत असेल.

आमच्या मुलाने सहा आठवडे चेंडूला हात लावला नाही. पाय, धड, पाठ चालू होतं. दाबून दुखेनासं झालं, डॉक्टरांनी एक्स-रे बघून होकार दिला, तेव्हा फेकणं पुन्हा सुरू केलं, पंचेचाळीस फुटांवरून, एक दिवसाआड. पंचवीस हलक्या फेकी, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा पंचवीस. दोन वेळा न दुखता झालं की अंतर साठ फूट. दुखलं तर एक पायरी मागे. माउंडवर, म्हणजे पिचर जिथून फेकतो त्या मातीच्या उंचवट्यावर, चढणं अजून कितीतरी लांब.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या घरामागच्या मैदानावर गेले होते. बाबांनी पावलं मोजून अंतर आखलं, ग्लोव्ह घातला आणि मोठ्याने मराठीत आकडे मोजायला लागले. सतराव्या फेकीला मुलाने जरा जोर लावला आणि लगेच माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. अठरावी पुन्हा हलकी आली. पंचवीस झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, अजून पाच? काहीच दुखत नाहीये."

बाबांनी चेंडू खिशात टाकला.